आण्णांचं कच्चं शूटिंग

आण्णा लग्नाचं शूटिंग करायचे, पण लग्नात नवरा-नवरीकडे त्यांचं फारसं लक्ष नसायचं. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं रंगात आलेली, आणि आण्णांचा कॅमेरा कुठे, तर मांडवाच्या कडेला पाण्याच्या पिंपाशी बसलेल्या एखाद्या म्हातारीवर. मग नवऱ्याचा मामा धावत यायचा. "आण्णा, तिकडं बघा की, अक्षता पडत्यात!" आण्णा कॅमेऱ्याला लावलेला डोळा न काढता म्हणायचे, "नवरा-नवरी काय, अजून पन्नास वर्सं दिसत्याल. ही आजी पुढच्या लग्नाला असंल का?" आजीला ऐकू आलं असेल तर ती दोन शिव्या घालायची आणि तेही आण्णा टिपून घ्यायचे.

मी नांद्याला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर सहा वर्षं भाड्यानं राहिले. हिंजवडीत नोकरी, माणूस परगावचं, आणि घरमालक असे. पूर्वी घराच्या मागे भाताची खाचरं होती. त्यातली काही विकली गेली, उरलेल्या जागेत आण्णांनी खोल्या काढल्या. शेती सुटली तरी त्यांचं उठणं, चालणं, मोठ्यानं बोलणं शेतकऱ्याचंच राहिलं. मला ते 'इंजिनेरबाई' म्हणायचे. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकींना, माहीत होतं, कारण कुरिअरवाला त्यांच्याकडे पार्सल द्यायचा.

तालुक्यात आण्णांची ओळख लग्नांपेक्षा दुसऱ्याच एका कामासाठी होती. त्या कामाला ते 'माणूस काढून देणं' म्हणायचे. कुणी वारलं की घरचे पहिल्या दोन-तीन दिवसांत आण्णांकडे येत. आधी फ्लेक्सवर लावायला चेहरा हवा असायचा. तो दिला की आण्णा स्वतःच विचारायचे, "तेराव्याला येऊ का घेऊन?" मग तेराव्याला जेवणं उरकली की सगळे टीव्हीपुढे बसत आणि आण्णा गेलेल्या माणसाला कुठल्या तरी लग्नातून काढून दाखवत. पाच मिनिटं, सात मिनिटं. पंगतीत भात वाढताना, विहिणीशी हुज्जत घालताना, मांडवाच्या खांबाला टेकून डुलकी काढताना. सुरुवातीला मला हा प्रकार जरा अघोरीच वाटला होता. एकदा आण्णांबरोबर गेले आणि पाहिलं, की दहा-बारा दिवस रडून थकलेलं घर चक्क हसत होतं. "बघा, बघा, मीठ न्हाई म्हनून कसं वरडतोय!" असं म्हणत हसत होतं. त्या दिवसापासून मी टीका बंद केली.

कोण कुठल्या लग्नात सापडेल याची त्यांच्याकडे एक जाडजूड वही होती. त्यात लग्नाची तारीख नाही, नवऱ्याचं नाव नाही. नोंदी अशा: 'पिरंगुट, थोरल्या पोरीचं, कॅसेट दोन. सखूआत्या ताक वाढताना भांडली.' 'घोटवडे, पावसातलं लग्न. बबन पाटील नाचला (एकदाच).' मी म्हटलं, आण्णा, याला काही शिस्त नाही, उद्या तुमच्याशिवाय कुणाला काही सापडायचं नाही. ते म्हणाले, "मी हाय की." माझ्या कामाच्या जगात असं एका माणसावर सगळं अवलंबून असणं म्हणजे मोठा दोष. तो दोष दूर करायचा मी विडाच उचलला.

कॅसेटी ठेवल्या होत्या गव्हाच्या कोठीत. खरंच. शेती गेल्यावर पत्र्याची मोठी कोठी रिकामी झाली, आणि आण्णांनी तिच्यात कडुलिंबाचा पाला घालून थरावर थर कॅसेटी रचल्या. मुळशीकडचा पाऊस म्हणजे चार महिने भिंतींना पाझर, कॅसेटींना पांढरी बुरशी येते. म्हणून पावसाळ्यात कोठीत वायर सोडून एक पिवळा बल्ब दिवसभर पेटता ठेवायचा. काकी वैतागायच्या. "घरात माणसांना पंखा न्हाई आन यांच्या कॅसेटींना शेकोटी!" कोठी भरल्यावर पुढच्या काळातल्या सीड्या ट्रंकेत गेल्या, मग हार्ड डिस्का आल्या. त्या स्टीलच्या डब्यांत, डाळ-तांदळाच्या शेजारी. एकदा काकींनी साबुदाणा समजून हार्ड डिस्कचा डबा गॅसजवळ आणून ठेवला होता. मी ठरवलं, पुरे झालं.

मी एक छोटी पेटी आणवली. दोन मोठ्या डिस्क आत बसतात, घरातल्या इंटरनेटला जोडली की टीव्हीवर, लॅपटॉपवर कुठूनही उघडता येते. घरातले तिला 'डबा' म्हणू लागले. मी आण्णांना समजावून सांगितलं, की एका डिस्कवर जे ठेवाल ते आपोआप दुसरीवरही उतरतं. एक बंद पडली तरी दुसरी आहेच.

"म्हंजे बैलजोडी," आण्णा म्हणाले.

"अगदी बरोबर."

थोडा वेळ ते डब्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "आन आपल्याच हातनं पुसलं गेलं, तर?"

"तर दोन्हीकडून जाईल. पण आपण कशाला पुसू?" मी हसले. दहा वर्षं मी डेटा सांभाळायचं हेच काम करते. खरं तर त्याच वेळी मी सांगायला हवं होतं, की तिसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवू या, माझ्याकडे किंवा पौडला तुमच्या मेहुण्याकडे. हे पहिल्या इयत्तेतलं ज्ञान आहे. पुढच्या महिन्यात करू, असं मनात म्हटलं आणि तो महिना कधी आला नाही.

पुढचे दोन हिवाळे आम्ही रविवारी सकाळी बसून कॅसेटी डब्यात उतरवल्या. जुना प्लेअर खरखरायचा, काकी चहा आणायच्या, आण्णा वही घेऊन शेजारी बसायचे. तयार लग्नं बघताना मला हसू आवरायचं नाही. नवरी कमळातून उगवते, नवरा बर्फाच्या डोंगरातून चालत येतो, दोघं मिळून एका बदामात शिरतात, आणि पहिल्या मिनिटापासून शेवटापर्यंत वर सिनेमातली गाणी. "गिऱ्हाइकाला त्येच लागतं," आण्णा जरा लाजून म्हणायचे. त्यांचा जीव होता तो कापाकापी न केलेल्या मूळ शूटिंगवर. त्याला ते 'कच्चं' म्हणत आणि तयार फिल्मला 'पक्कं'. डब्यातही मी तशीच दोन कपाटं केली होती. कच्च्यात सगळं होतं: चुली, कुत्री, रुसवे, आणि मुख्य म्हणजे आवाज. पक्क्यात गाण्यांशिवाय काही ऐकू येत नसे. हा फरक रविवारी सकाळी मला समजत होता. एरवी मला कच्चं म्हणजे फक्त पक्क्याच्या पाचपट जागा खाणारा ढीग दिसायचा.

उतरवून झालेल्या कॅसेटी भंगारात द्यायचा आग्रह माझाच. बुरशी लागलेलं प्लास्टिक घरात कशाला, म्हणून मी आठवडाभर मागे लागले. टेम्पो आला त्या दिवशी आण्णा घरात थांबले नाहीत, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. कोठी रिकामी झाल्यावर काकींनी मला पुरणपोळी खाऊ घातली.

मग एका मंगळवारी मी ऑफिसात असताना आण्णांचे लागोपाठ तीन फोन आले. "इंजिनेरबाई, डबा भरलाय म्हनतोय. कालचं लगीन कुटं ठिवू? कॅमेऱ्याचं कार्ड तर आज दुपारी परत लागणार." नवे कॅमेरे आल्यापासून एकेक लग्न पूर्वीच्या दहा लग्नांएवढी जागा घेत होतं. आमचंही त्या आठवड्यात काम अंगावर आलेलं. योग्य उपाय मला पाठ होता. मोठ्या डिस्क मागवायच्या, रविवार घालवून सगळं त्यावर न्यायचं. पण त्या रविवारी मला फ्लॅट बघायला जायचं होतं. मी ऑफिसातूनच लॅपटॉपवर डबा उघडला. 'कच्चं' हे कपाट निवडलं. क्षणभर वाटलं, आण्णांना विचारावं. पण विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि म्हणूनच मी विचारलं नाही. हे वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली.

पुसलेलं काही दिवस साठवून ठेवायची सोय असते, तीही मी जागा वाचावी म्हणून आधीच बंद केली होती. डब्याची जागा दाखवणारी लाल पट्टी हिरवी झाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी घरी आले तर आण्णा खूश. "झाली की वो जागा! काय जादू केली?"

"साफसफाई केली जरा."

"लई भारी," ते म्हणाले आणि कालचं लग्न भरायला गेले. त्यानंतर चार महिने नवी लग्नं त्या जागेवर चढत राहिली, आणि जुनं कच्चं उघडायची वेळ आण्णांवर आली नाही.

चार महिन्यांनी म्हाळू वारला. म्हाळू म्हणजे मुळशीच्या धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवाडीतला माणूस. मेंढरं, थोड्या शेळ्या, मधली काही वर्षं लवासाकडे बांधकामावर मजुरी, मग परत मेंढरं. त्याच्या मुलीचं लग्न आण्णांनीच शूट केलं होतं, आणि वाडीतल्या बाकीच्या सगळ्या लग्नांनाही तेच. तालुक्यातले दुसरे शूटिंगवाले त्या चढावर कॅमेरा घेऊन जायला तयार नसत. म्हाळूची बायको ठकूबाई दोन कोसांची पायवाट उतरून, एसटी धरून नांद्याला आली. ओट्यावर बसली, पाणी प्यायली, म्हणाली, "आण्णा, फोटो हाय आमच्याकडं. मला बोलतं पायजे. पोरगी निघाली तवा ते तिला काय तरी बोललं हुतं. मी रडत हुते, मला ऐकूच न्हाई आलं. पोरगी म्हनती तिलाबी आठवत न्हाई."

"हाय माझ्याकडं," आण्णा म्हणाले. वही उघडायची त्यांना गरज पडली नाही. "मी टेम्पोच्या दाराशी हुतो. समदं ऐकलंय म्या. तेराव्याला येतो घेऊन."

आण्णा तिला एसटीवर सोडून आले आणि त्यांनी मला हाक मारली. डबा उघडून टीव्हीपुढे बसले होते. "कच्चं कुटं गेलं? दिसंना झालंय."

मी दारातच उभी होते. सांगितलं. आण्णांनी एवढंच विचारलं, "समदं?"

"सगळं."

ते बराच वेळ रिमोटची बटणं पुसत बसले. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, दोन्ही डिस्क काढून पुण्याला नेल्या. पुसलेलं परत मिळवून देणाऱ्या माणसानं आठवडाभर प्रयत्न केले आणि तुकडे हातात दिले. कुणाचा अर्धा चेहरा, हिरव्या रेघा, आवाज नाहीच. मी जिन्यात बसून रडले. आण्णांना म्हाळूचे शब्द आठवतात का, हे मी भीत भीत विचारलं. "आठवतंय आसं वाटतंय. पर माझ्या तोंडानं सांगितलं तर त्ये माझं बोलनं झालं. म्हाळूचं कसं व्हईल?" मग पहिल्यांदा आणि शेवटचं ते मला बोलले, "तुमी जागा बघितली, इंजिनेरबाई. त्यात माणसं हुती."

तेराव्याला आम्ही दोघं वाडीवर गेलो. मी येऊ नये असं त्यांचं म्हणणं होतं. मी हट्टानं गेले, कारण तिथे सगळं कबूल करायचं असं रस्ताभर ठरवत होते. ठकूबाईच्या घरात चाळीसएक माणसं दाटीवाटीनं बसलेली. आण्णांनी पक्कं लावलं. टेम्पोपाशी मुलगी उभी, म्हाळू तिच्या पुढ्यात, डोक्याला लाल पागोटं. तो बोलायला लागला. ओठ हलत होते, हात मुलीच्या डोक्यावर, आणि वर सिनेमातलं सासरी जाण्याचं गाणं, सनई, बासरी. ठकूबाई पुढे सरकली. "आवाज वाढवा की वो." कुणीतरी वाढवला. गाणं मोठं झालं. ती टीव्हीला कान लावायला गेली तेव्हा तिच्या दिरानं तिला धरलं.

"मूळचं माझ्या हातनं पुसलं गेलं, ठकूबाई," आण्णा म्हणाले.

माझ्या हातात चहाचा कप होता. बोलायची वेळ हीच होती. मी कपाकडे बघत राहिले.

"आमच्याच माणसाचं बरं पुसलं तुमच्या हातनं," ठकूबाई म्हणाली. रडत नव्हती, सरळ त्यांच्याकडे बघत होती. "जमीनवाल्यांचं समदं हाय का न्हाई? त्यांचं न्हाई पुसलं ते?"

"समद्यांचं गेलं, आई शपथ."

"असंल," ती म्हणाली आणि आत निघून गेली. आम्ही निघालो तेव्हा नेहमी टॉर्च, काठी घेऊन गाडीपर्यंत पोचवायला येणारी माणसं जागची हलली नाहीत. ज्या माणसानं तीस वर्षं म्हाताऱ्यांच्या तोंडाकडे बघताना जात-जमीन पाहिली नाही, त्याच्यावर हा आळ मी माझ्या डोळ्यांदेखत येऊ दिला.

गाडीत मी म्हटलं, मी परत जाऊन सांगते. ते म्हणाले, "नगं. तुमी बाईमानूस, परगावच्या. तुमाला बोलले असते तर परत ह्या वाडीत पाय ठिवला नसता तुमी. मला काय, बोलत्याल आन इसरत्याल." मला तेव्हा हे ऐकून हायसं वाटलं, हीच माझी लाज आहे. त्यांनी परवानगी दिली आणि मी ती घेतली. वाडी विसरली मात्र नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिथे तीन लग्नं झाली. तिन्हींना दुसरा शूटिंगवाला आला, खालच्या रस्त्यापर्यंतच. आण्णांनी मोठ्या डिस्क आणवल्या, तिसरी प्रत मेहुण्याकडे पौडला ठेवू लागले, आणि जिथे जातील तिथे आधी म्हाताऱ्यांना बोलतं करू लागले. "आजी, नाव सांगा, गाव सांगा, काय तरी बोला." मी वर्षभरात माझ्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. तिथून नांदं पंधरा मिनिटांवर. तरी मी दोन दिवाळ्यांना मिळून दोनदा गेले.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आण्णा गेले, दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. फ्लेक्सला फोटो नव्हता. जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे राहिलेला माणूस, शेवटी आधार कार्डावरचा चेहरा मोठा करून लावला. तो इतका रागीट दिसत होता, की आलेला प्रत्येक जण म्हणायचा, हे आण्णा नव्हेतच. काकी मला म्हणाल्या, "तेराव्याला यांना काढून द्याल का? दिसनार न्हाईत, म्हाईत हाय मला. आवाज तरी."

त्यांचा आवाज कच्च्यातच होता. 'जरा सरा', 'हसा की आजी', 'लाजताय कशाला', तीस वर्षांचा. पक्क्यात त्यांच्यावरही गाणीच होती. मी काकींपुढे बसले आणि जे झालं ते पहिल्यापासून सांगितलं. शेवटच्या दोन-तीन वर्षांतलं थोडंफार मिळेल, त्यापूर्वीचं मी पुसलं, म्हणाले.

काकी पदराच्या टोकाची गाठ सोडत-बांधत ऐकत होत्या. "त्यांनी सांगितलं हुतं मला तवाच," त्या म्हणाल्या. "माझं सोडा. वाडीवर जाऊन सांगा."

मी तेराव्याच्या आधीच गेले. ठकूबाई दारात मेंढराच्या पायातला काटा काढत होती. मला तिनं ओळखलं नाही. मी उभ्यानंच सांगितलं, की आण्णा गेले, आणि लग्नाचं ते मूळ शूटिंग पुसलं मी, त्यांनी नाही. सगळ्यांचं पुसलं. आणि त्या दिवशी तुझ्या घरात चहा पीत गप्प बसले.

तिनं काटा काढला, मेंढरू सोडून दिलं. हात पुसले. बराच वेळ मला वाटलं, ही आता शिव्या देईल, आणि मी त्या घ्यायला तयार होते.

"पौडाच्या बाजारात भेटायचे," ती म्हणाली. "मला बगितलं की लांबनंच रामराम घालायचे. दर बाजारी. मी त्वांड फिरवायची."

मला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. दारातल्या मेंढरांकडे बघत बसून राहिली. मग डोक्यावरचा पदर नीट केला, आणि दोन्ही हात जोडून, नांद्याच्या दिशेला वळून हळूच म्हणाली, "रामराम, आण्णा."